पिंजऱ्यातला फिंच बारा महिने गातो, मग लिंबावरचा दयाळ होळीलाच का सुरू होतो?

लिंबाखालचं_घर (परभणी)

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा लांब आहे, समजून घ्या. आमच्या अंगणात मोठा लिंब आहे आणि त्यावर एक दयाळ असतो, काळापांढरा, शेपटी उभी करून बसणारा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तो रोज दिसतो, नळाखालच्या ओलीत किडे टिपतो, पण गाणं म्हणून काही नाही, फार तर एक चर्रर्र असा आवाज. आणि मागच्या आठवड्यापासून पहाटे पावणेसहाला पार शेंड्यावर बसून असा सुरू झालाय की मी दूध तापवायचं सोडून दारात उभी राहते. सासरे म्हणतात ऊन लागायला लागलं की त्याचा कंठ फुटतो, त्यांच्या लहानपणापासून होळीच्या आसपासच हे असं होतं.

आता दुसरी गोष्ट. घरात मुलासाठी संभाजीनगरहून झेब्रा फिंचची जोडी आणलीय, दीड वर्ष झालं. नर, ज्याच्या गालावर नारंगी ठिपका आहे तो, बारा महिने तेच एक छोटं गाणं म्हणतो, थंडी असो पाऊस असो. मादी एकदाही गायली नाही. मुलगा सातवीत आहे, त्याने विचारलं की आई, दोन्ही पक्षीच ना, मग एकाला ऋतू कळतो आणि एकाला कळत नाही असं कसं, आणि मादीचा घसा वेगळा असतो का. मला काही सांगता आलं नाही. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला मादीला गायला लावायचं असेल तर हार्मोनचे थेंब मिळतात, पाण्यात टाकून द्या. ते मला बरोबर वाटेना म्हणून आधी इथं विचारतेय. ही घशाची गोष्ट आहे का डोक्याची?

बायॉलॉजीवाला_लातूर

ताई, ते थेंब घेऊ नका. का ते पुढं सांगतो, आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडं येतो, कारण फार मोलाचं विचारलंय त्यानं, याच प्रश्नावर माणसांनी आख्खं आयुष्य घातलेलं आहे. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो, हा विषय माझ्या सिलॅबसमध्ये नाही, आवडीनं वाचलेला आहे.

घशात थोडा फरक असतोच, नराचे तिथले स्नायू जाड असतात, पण मूळ गोष्ट डोक्याची. गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत गाण्यासाठी पेशींचे वेगळे पुंजके असतात. एकाचं नाव एचव्हीसी, तो गाण्याचा क्रम धरून ठेवतो, त्याचा निरोप आरए नावाच्या पुंजक्याकडं जातो आणि तिथून खाली घशाच्या नसांना. अजून एक आहे एरिया एक्स, तो शिकण्याच्या कामाचा. १९७६ साली फर्नांडो नॉटेबोम आणि आर्थर अर्नोल्ड या दोघा शास्त्रज्ञांनी कॅनरी नावाचा पिंजऱ्यात पाळतात तो गाणारा पक्षी आणि तुमच्या घरी आहे तोच झेब्रा फिंच, या दोन्हींच्या नर-मादीचे मेंदू मोजले, तर नराचे पुंजके मादीच्या कितीतरी पट मोठे निघाले. कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याच्या मेंदूत नर-मादीमधला एवढा ढळढळीत फरक तोवर कुणी दाखवलेला नव्हता. म्हणजे तुमची मादी गात नाही ते तिची मर्जी नाही म्हणून नाही, गाण्याची ती सगळी जोडणीच तिच्या डोक्यात वाढलेली नसते.

आता ऋतूचं. नॉटेबोमनीच १९८१ ला कॅनरीच्या काही नरांचे मेंदू वसंतात आणि काहींचे शरदात मोजले, तर वसंतात एचव्हीसी शरदापेक्षा ९९ टक्के मोठा आणि आरए ७६ टक्के मोठा. जवळपास दुप्पट हो! आपल्या विहिरीला पावसाळ्यात पाणी चढतं आणि उन्हाळ्यात तळ दिसतो तसा मेंदूचा तो भाग दरवर्षी भरतो आणि आटतो. १९८३ ला त्यांनी आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी पूर्ण वाढ झालेल्या कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होताना दाखवल्या, आणि त्या काळी सगळ्या पुस्तकांत हेच होतं की मोठेपणी मेंदूत नवी पेशी होत नाही म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती, खरं सांगतो.

हे भरणं-आटणं कशानं होतं तर टेस्टोस्टेरॉन या नराच्या हार्मोननं, आणि टेस्टोस्टेरॉन वाढवतो दिवसाचा उजेड. परभणीला डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेराच्या आसपास. दिवस वाढायला लागला की मेंदूच्या तळाशी हालचाल सुरू होते, तिथून पिट्युटरी या ग्रंथीला निरोप, पिट्युटरीकडून पोटातल्या वृषणांना. पक्ष्यांचे वृषण बिनहंगामी काळात एवढेसे होऊन जातात आणि विणीच्या आधी काही जातींत शेकडो पट फुगतात. तिथून निघालेलं टेस्टोस्टेरॉन परत मेंदूत जाऊन त्या पुंजक्यांना कामाला लावतं. दयाळाचा विणीचा हंगाम मार्च ते जुलै, म्हणून तुमच्या सासऱ्यांची होळीची खूण अगदी बरोबर आहे, फक्त उन्हाच्या तापापेक्षा उजेडाच्या लांबीचं काम जास्त.

मग फिंच बारा महिने का गातो. तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, तिथं पाऊस कधी पडेल त्याचा नेम नाही (आपल्याला वेगळं सांगायला नको), त्यामुळं तो उजेडाच्या कॅलेंडरवर फारसा विसंबत नाही, दाणापाणी दिसलं की अंडी घालायला तयार. तुमच्याकडं वाटीत दाणा बारा महिने, मग गाणंही बारा महिने. आणि तो तेच एक गाणं का म्हणतो, तर पिल्लू असताना साधारण पंचविसाव्या दिवसापासून नव्वदाव्यापर्यंत बापाचं ऐकून तो ते शिकतो, नव्वदीला गाणं पक्कं झालं की जन्मभर तेच. कॅनरी मात्र दर वर्षी जुने तुकडे टाकतो, नवे घालतो.

आता थेंबांचं. मोठ्या मादी कॅनरीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर ती गाते, हे खरं आहे, दुकानदाराची ऐकीव गोष्ट बहुतेक तिथूनच आलेली. पण झेब्रा फिंचच्या मोठ्या मादीला ते देऊन काही उपयोग होत नाही. तिच्या मेंदूत हा निर्णय अंड्यातून बाहेर पडल्यावरच्या सुरुवातीच्या दिवसांतच होऊन गेलेला असतो. १९८० मध्ये मार्क गर्नी आणि मासाकाझू कोनिशी यांनी नुकत्याच जन्मलेल्या माद्यांना इस्ट्रोजेन दिलं, हो इस्ट्रोजेनच, ज्याला आपण बाईचं हार्मोन म्हणतो तेच, तर त्यांच्या डोक्यात नरासारखे पुंजके वाढले. कारण मेंदूत अरोमाटेज नावाचं एंझाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, आणि बरंच काम ते इस्ट्रोजेन करतं. दीड वर्षाच्या मादीसाठी ती वेळ कधीच निघून गेली, वर नर-मादी एकाच वाटीतलं पाणी पितात, म्हणजे नराच्याही पोटात नको ते जाणार. तिला आहे तशी राहू द्या.

बांधावरून (आष्टी, बीड)

मी शेतकरी माणूस, सरांसारखं मला काई सांगता येणार न्हाई, पण एक इचारतो. ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडं पिवळ्या पोटाची पाखरं थव्यानं येतात, हजारानं, गोफण घेऊन माळ्यावर बसावं लागतं दिवसभर. मार्च आला की ती अशी गुबगुबीत होतात, नराचं डोकं काळं कुळकुळीत होतं, आन एक दिवस सकाळी जाऊन बघावं तर एक बी न्हाई. खळ्यावर दाणा तसाच पडलेला असतोय, कुणी हाकललं बी न्हाई, मंग त्येंला निघा म्हणून सांगतं कोण? आन सर म्हणायलेत उजेडानं मेंदूला कळतं, ते डोळ्यानंच का अजून कशानं?

बायॉलॉजीवाला_लातूर

दादा, तुमचं पाखरू म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. तो युरोपच्या आग्नेय भागापासून इराणपर्यंतच्या पट्ट्यात वीण करतो आणि हिवाळा काढायला आपल्या ज्वारी-गव्हात येतो. तुम्ही ज्याला गोफण मारता त्याच पाखरावर आपल्या देशात, लखनौ-दिल्लीकडच्या विद्यापीठांत, कितीतरी वर्षं काम झालेलं आहे. पिंजऱ्यात ठेवून नुसता दिव्याचा वेळ वाढवला तरी तो खा खा खातो, चरबी धरतो, वृषण वाढतात, आणि रात्रीचा पिंजऱ्यात उड्या मारायला लागतो, म्हणजे निघायची तयारी. दाणा भरपूर असून तो जातो कारण त्याच्या डोक्यातलं घड्याळ दाण्यावर चालतच नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर यातली मला सगळ्यात आवडती गोष्ट हीच. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल मेनेकर यांनी आपल्या घरातली साधी चिमणी घेऊन प्रयोग केले. काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली, काहींच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली. डोळे सगळ्यांचे उघडे, उजेड सगळ्यांना सारखाच मंद. पिसं काढलेल्यांचे वृषण वाढले, शाईवाल्यांचे वाढले नाहीत. म्हणजे उजेड कवटीतून झिरपून थेट मेंदूत पोचतो, तिथं उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत आणि ऋतू मोजायचं काम त्या करतात. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात आंधळ्या बदकांवर हेच दाखवलेलं. पाखराच्या कवटीचं हाड पातळ असतं, हातात धरलेलं मेलेलं पिल्लू कुणी बघितलं असेल तर त्याला पटेल.

आजीच्या_गोष्टी (हिंगोली)

मग कोकिळेचं पण असंच असतं का? ती पण नेमकी चैत्रात सुरू होते. आणि तिला कोण शिकवतं, ती तर कावळ्याच्या घरट्यात वाढते ना.

गोदाकाठचा (नांदेड)

@आजीच्या_गोष्टी ताई, कुहू म्हणतो तो नर, काळाभोर असतो तो. मादी ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज नुसता किक किक किक. आणि कोकीळ हा शास्त्राच्या हिशोबानं गाणाऱ्या पक्ष्यांत बसतच नाही, त्याला कुणाचं ऐकून शिकावं लागत नाही, कावळ्याच्या घरात वाढून पण मोठा झाल्यावर कुहूच म्हणतो, ते जन्मापासूनच आत असतं. उलट कावळा मात्र गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडतो, ऐकायला कसा का लागेना.

सर, माझे दोन मुद्दे. एक, तुम्ही म्हणता दिवस मोठा असला की गाणं, मग ऑगस्टात पण दिवस पावणेतेरा तासांचा असतो, मार्चमध्ये तर बाराच तासांचा. मग दयाळ ऑगस्टात गप्प आणि मार्चमध्ये सुरू असं का? उजेडाचंच असतं तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

दुसरं, आमच्या कॉलनीत मागच्या वर्षी चौकात हायमास्ट लावला, पांढराफेक एलईडी, सुई सापडेल एवढा उजेड. तेव्हापासून चौकातल्या बदामावरचा दयाळ रात्री साडेतीनला सुरू होतो. मी नाईट ड्यूटीवरून येतो तेव्हा रोज ऐकतो. आणि यंदा तो जानेवारीच्या पंधरवड्यातच सुरू झाला, गोदावरीच्या बाजूला अंधारात राहणारे अजून गप्प होते. याचा त्याच्या डोक्यावर काही परिणाम होत असेल का, मला खरंच काळजी वाटते.

बायॉलॉजीवाला_लातूर

पहिला मुद्दा फार बरोबर पकडला. युरोपातल्या मैनेवर, आपल्या साळुंकीच्या कुळातली ती, हे चांगलं तपासलेलं आहे. मोठे दिवस बरेच आठवडे मिळाले की तिचा मेंदू त्यांना दाद देईनासा होतो, दिवस अजून मोठाच असतो तरी वृषण आटतात, गाणं थांबतं, पिसं गळायला लागतात. आणि मग मधे लहान दिवसांचा हिवाळा गेल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. म्हणजे पाखराला नुसती आजच्या दिवसाची लांबी नाही, मागं काय होऊन गेलं ते पण धरून चालावं लागतं. हिवाळ्यातली गप्प राहण्याची वेळ वाया जात नाही ताई, तुमच्या मुलाला हे नक्की सांगा, त्या लहान दिवसांशिवाय पुढच्या होळीचं गाणं येत नाही.

हायमास्टचं तुमचं निरीक्षण लिहून ठेवा, तारखांसकट. जर्मनीत शहरी ब्लॅकबर्डवर २०१३ मध्ये छापून आलेलं काम आहे, रात्री फक्त ०.३ लक्स एवढा उजेड दिला, रस्त्यावरच्या दिव्यापेक्षा कितीतरी कमी, चांदण्याहून थोडासाच जास्त, तरी त्या नरांचे वृषण जवळजवळ महिनाभर आधी तयार झाले. वर कवटीतून उजेड झिरपण्याचं सांगितलं ना, ते इथं आठवा, पाखरानं डोळे मिटून घेतले तरी डोक्यात दिवसच चालू. आणि महिनाभर आधी पिल्लं झाली आणि त्या वेळी अळ्या नसल्या तर खाऊ काय घालणार.

सुगरणीची_विहीर (औसा)

अळ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी इथं नुसता वाचत असतो.

आमच्या विहिरीवर बाभळीच्या फांद्या आत वाकलेल्या आहेत आणि त्यांना दरवर्षी सुगरणींची घरटी लटकतात, चाळीस-पन्नास. सुगरण हा पण गाणाऱ्यांच्या गटातलाच, आणि घरटं विणतो तो नर, मादी येऊन अर्धवट घरटं तपासते, पसंत पडलं तर राहते, नाही पडलं तर बिचारा ते सोडून दुसरं सुरू करतो. सलीम अलींनी १९३० च्या सुमारासच हे लिहून ठेवलंय. पण मला सांगायचं ते वेगळंच. मे महिन्यातच नर पिवळेजर्द होऊन येतात, म्हणजे उजेडानं त्यांचं काम केलेलं असतं, पण विणायला लागत नाहीत. विणायला हिरवी लांब पात लागते आणि ती पावसाशिवाय नाही. २०१५ ला आमच्याकडं पाऊस रुसला, पुढच्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे सगळ्यांना आठवत असेल. त्या २०१५ च्या जुलैत नर नुसते बाभळीवर बसून राहिले, थोडं चिवचिव करायचे, फांदीला दोन काड्या गुंडाळायचे आणि सोडून द्यायचे. त्या वर्षी आमच्या विहिरीवर नऊ घरटी झाली, मी मोजलेली. उजेड दार उघडतो पण आत जायचं का नाही ते पाऊसच ठरवतो असं माझं मत झालंय.

आणि पिल्लांचं. सुगरण स्वतः दाणे खाते पण पिल्लांना अळ्या, नाकतोडे भरवते. सोयाबीनवर फवारणी झाली की चार दिवस शिवारात नाकतोडा दिसत नाही आणि घरट्यातून पिल्लांचा आवाज वाढतो, भुकेचा आवाज वेगळा असतो, ऐकून ऐकून कळायला लागतो. सर, लहानपणी उपाशी राहिलेलं पिल्लू मोठेपणी गायला कमी पडतं का?

बायॉलॉजीवाला_लातूर

पडतं. हे वाचून मला वाईट वाटलं होतं, तरी सांगतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या स्वॅम्प स्पॅरो नावाच्या पक्ष्याची पिल्लं हातानं वाढवली, काहींना पोटभर आणि काहींना त्याच्या ७० टक्केच खाणं दिलं. कमी खाल्लेल्यांच्या मेंदूतले गाण्याचे पुंजके लहान राहिले आणि ऐकवलेलं गाणं त्यांना तितकं हुबेहूब उचलता आलं नाही. २००४ मध्ये झेब्रा फिंचवर झालेलं काम तर अजून बोलकं आहे, काही पिल्लांचं खाणं अडवलं आणि काहींना खाणं पुरेसं देऊन फक्त कॉर्टिकोस्टेरॉन दिलं, म्हणजे ताणाचं हार्मोन, तर दोन्हीकडं एचव्हीसी लहानच राहिला. कारण हे पुंजके वाढायची वेळ आणि पिल्लाची सगळ्यात जास्त भुकेची वेळ एकच. मादी नराचं गाणं ऐकते तेव्हा ती एका अर्थानं त्याचं बालपण ऐकते, त्याच्या आईबापाला त्या वर्षी अळ्या मिळाल्या होत्या का नाही ते.

दादा, तुमच्या विहिरीच्या कडेच्या पिकाच्या चार ओळींवर फवारणी टाळता आली तर बघा, जुलै ते सप्टेंबर एवढंच.

लिंबाखालचं_घर (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार, मी आणि मुलानं दोन दिवस बसून वाचलं. त्याची एक शंका आहे. तो म्हणतो सगळं हार्मोनच करतं का? समजा एकाच पक्ष्याच्या अंगात नर आणि मादी दोन्ही असते तर रक्त तर एकच, मग मेंदू कसा झाला असता? मी म्हटलं असं कुठं असतं का, तर म्हणतो विचार तर खरं.

बायॉलॉजीवाला_लातूर

ताई, असा पक्षी होता! झेब्रा फिंचच. २००३ मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध झालं, अर्नोल्ड त्यातही होते. उजवी बाजू नराची पिसं, डावी बाजू मादीची, मधोमध रेघ मारल्यासारखी. तो नरासारखा गायचा. मेंदू बघितला तर उजव्या बाजूचा एचव्हीसी डाव्यापेक्षा मोठा. दोन्ही बाजूंना रक्त एकच, हार्मोन तेच, तरी फरक पडला, म्हणजे पेशीच्या आतले जीन्सपण स्वतःहून काही ठरवतात. पण डावा एचव्हीसीसुद्धा नेहमीच्या मादीपेक्षा नरासारखा झालेला होता, म्हणजे रक्तातलंही काहीतरी तिथं पोचलं होतं. दोन्ही मिळून चालतं ते. हा प्रश्न स्वतःच्या डोक्यानं काढणाऱ्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या.

आणि एक राहिलंच, मादी गात नाही हे फिंचचं खरं, सगळ्यांचं नाही. २०१४ मध्ये जगभरच्या ३२३ जातींची माहिती तपासली तर ७१ टक्के जातींत मादी गाते असं निघालं. इतकी वर्षं बहुतेक अभ्यास थंड देशांत झाला, तिथं नरच जास्त गातात, म्हणून आपल्यालाही तेच नेहमीचं वाटत राहिलं.

बांधावरून (आष्टी, बीड)

कवटीतून उजेड जातो हे घरी सांगितलं तर कुणाला पटंना, म्हातारी म्हणली म्हणून तर कोंबड्याला डालग्याखाली झाकलं तरी कळतं. भारीट अजून हाइत आमच्याकडं, डोकी काळी व्हायलीत. या खेपेला कोणत्या तारखेला जातात ते लिहून ठिवतो आन इथं टाकतो.

लिंबाखालचं_घर (परभणी)

थेंब आणले नाहीत. फिंचचा पिंजरा हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली होता, रात्री अकरापर्यंत उजेडात, तो आता मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलाय, सूर्य मावळला की त्यांचीही रात्र. सासऱ्यांना तुमची उत्तरं वाचून दाखवली, ते म्हणाले मग कंठ नाही, डोकं फुटतं म्हणायचं का होळीला, आणि मग स्वतःच म्हणाले नको, डोकं भरतं म्हणूया.

मुलानं वही केलीय. दयाळ पहिला आवाज किती वाजता काढतो ते रोज लिहितो, पहिल्या दिवशी ५:४७, काल ५:४१. शेजारच्या गच्चीवर दुसरा एक नर आलाय, हे दोघं आळीपाळीनं गातात, त्याचं वेगळं पान केलंय. गोदाकाठच्या दादांना त्याची विनंती आहे, चौकातल्या हायमास्टजवळच्या आणि नदीकडच्या अंधारातल्या, अशा दोन्ही दयाळांची वेळ तुम्ही नाईट ड्यूटीवरून येताना लिहून पाठवाल का. त्यानं वहीत दोन रकाने आखून ठेवलेत.